तुमची गल्ली कितवी?

दोस्तांनो, तुम्ही कुठे राहता? कुणी म्हणेल गांधीनगर, कुणी म्हणेल मारुती गल्ली. पण धुळ्याच्या बाजारपेठेतल्या मुलाला विचारा. तो सांगेल, "गल्ली नंबर 4!" आणि त्याचा मित्र? "गल्ली नंबर 5!"

आहे ना गंमत? आणखी एक गंमत बघा. या गल्ल्या बऱ्याचशा सरळ आहेत, एकीला लागून दुसरी. गाव आपलं आपण वाढत गेलं, की वाटा वळणं घेत जातात. गल्ल्या ओळीत दिसल्या, की ओळखायचं, इथे कुणीतरी आधी आखणी केलेली आहे!

ती केली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि खानदेशाचा कारभार या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. तेव्हाचं धुळे केवढं होतं, माहीत आहे? घरं 401 आणि माणसं 2509! पांझरा नदी आणि शेतीचा पाट यांच्यामध्ये बसलेलं छोटंसं गाव. पण ते खानदेशाच्या मध्यावर होतं आणि मुंबई-आग्रा रस्ताही तिथूनच जायचा. म्हणून 1819 मध्ये ब्रिग्ज यांनी तिथे मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखली.

पण या पेठेत राहायला येणार कोण? ब्रिग्ज यांनी कायम राहणाऱ्यांना घरासाठी जागा बिनभाड्याने दिली, बांधकामाला उचल दिली आणि बाहेरगावाहून सुतार-कारागीर बोलावले. माणसं आली, बाजार भरला. आधीच्या वस्तीला लोक 'जुने धुळे' म्हणू लागले. नदीपलीकडचं देवपूरही आता शहरातच आहे.

धुळ्यातली बाकीची नावंही बोलकी आहेत. साक्री रोड साक्रीला जातो, आग्रा रोड जुन्या हमरस्त्याची आठवण ठेवतो आणि 80 फुटी रोडने तर आपली रुंदीच नावात सांगितली आहे! अशी बोलकी नावं परदेशातही असतात. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात मॉसन नावाचं उपनगर आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते डग्लस मॉसन अंटार्क्टिकाचे संशोधक होते, म्हणून तिथल्या रस्त्यांनाही अंटार्क्टिकाच्या शोधमोहिमांशी जोडलेली नावं दिली आहेत.

आता तुमची पाळी. जळगाव असो, धुळे असो की एखादं खेडं, आपल्या भागाचं नाव कसं पडलं हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ही माहिती पुष्कळदा कुठल्याच पुस्तकात नसते, ती तुम्हीच जपायची आहे.