जोखमीची उमेदवारी

जोखीम हा शब्द बँकेत नोकरी केलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. कर्जाचा अर्ज समोर आला की तारण काय, जामीनदार कोण, हप्ते कशातून फिटणार, हे प्रश्न आपोआप ओठांवर येतात. तारण नदीकाठी आहे की डोंगराच्या पायथ्याशी, याला मात्र आमच्या वेळच्या अर्जात रकाना नव्हता. आता तो प्रश्न विचारणारी मुले महाविद्यालयांत तयार होत आहेत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप, म्हणजे आपली जुनी उमेदवारी, अभ्यासक्रमातच आली. भूगोल शिकणारी माझी पुतणी हवामानबदल आणि आपत्तींच्या जोखमीचा अभ्यास करणाऱ्या एका कार्यालयात दोन महिने होती. पूररेषेचा अर्थ तिने मला समजावला. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षे निवांत, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता १८ टक्के आणि निळ्या रेषेचा येण्याची ५६ टक्के! कर्ज बुडण्याची एवढी शक्यता दिसली असती, तर कोणत्या मॅनेजरने सही केली असती?

शिवाय हे हिशेब जुन्या नोंदींवर बेतलेले. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मग पाऊस कोसळतो तो एकदम. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

सगळी जोखीम संगणकावरच्या नकाशात सापडतेच असे नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. उपग्रहाच्या चित्रात उतार दिसतो. पण वरच्या शेताला भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. त्यांच्या ओट्यावर बसून ते लिहून घ्यायला सवड हवी आणि तरणे पाय हवेत. विद्यार्थ्यांपाशी दोन्ही आहे.

पुतणीने सांगलीजवळच्या एका गावात चाळीस घरांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजल्या. बहुतेक घरी तिला एकच प्रश्न आला, ‘ताई, हे मोजून पुढं काय?’ तिला प्रमाणपत्र मिळाले, अहवाल मात्र कार्यालयाच्या कपाटात गेला. गावाला त्याची प्रत नाही.

पालकांनी या उमेदवारीत फक्त श्रेयांक पाहू नयेत, आणि संस्थांनी मुलांना फुकटचे कारकून समजू नये. एवढी एकच अट घाला: ज्या गावात मोजमाप केले, तिथल्या ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वी तो अहवाल मराठीत वाचून दाखवायचा, आणि त्यानंतरच प्रमाणपत्रावर सही करायची.