मैदानाकाठचा बाबा

आपल्याकडे खेळ म्हटलं की क्रिकेट. त्यामुळे मेल स्टॉटलमायर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता कमीच. मीही बेसबॉलची मोठी जाणकार नाही. पण या माणसाबद्दल वाचत गेले आणि खेळापेक्षा त्याच्या घरातच जास्त गुंतले.

मेल वाढला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, मॅबटन नावाच्या छोट्याशा गावात. बेसबॉलमध्ये तो पिचर, म्हणजे आपल्या बोलरच्या जागी. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, टप्पा पडू देत नाही. मेलचा चेंडू बॅटपाशी पोचता पोचता खाली बुडायचा. समोरचा जोरात मारायला जायचा आणि चेंडू आपला जमिनीवरून सरपटत जायचा!

ऑगस्ट १९६४ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघानं त्याला बोलावलं. दोनच महिन्यांत हा नवखा मुलगा वर्ल्ड सिरीजमध्ये बॉब गिब्सनसारख्या दिग्गजासमोर तीनदा उतरला. मालिका हातची गेली. पुढे संघ उतरणीला लागला, तरी मेलच्या नावावर १६४ विजय जमा झाले. १९७४ मध्ये मात्र खांद्याचा स्नायू फाटला. पुढच्याच वर्षी संघानं त्याला मोकळं केलं. वय अवघं ३३! हे त्याच्या मनाला फार लागलं. पुढे कितीतरी वर्षं तो त्या संघापासून लांबच राहिला.

पण खांद्याचं दुखणं काहीच नाही असं वाटावं, असं घरात घडत होतं. मेल आणि जीन यांना तीन मुलगे. धाकट्या जेसनला रक्ताचा कॅन्सर झाला. मधला टॉड तेव्हा १५ वर्षांचा. त्यानं भावासाठी आपल्या हाडातला मगज दिला. तरीही १९८१ मध्ये जेसन गेला, अकराव्या वर्षी. आपल्यामुळेच भाऊ गेला, असं टॉडला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. पुढे त्यानं स्वतःच हे सांगितलं. कोवळ्या पोरानं केवढं ओझं वागवलं असेल!

आणि जीन? मी जे वाचलं त्यात ती फारशी भेटली नाही. नवऱ्याच्या प्रत्येक चेंडूचा हिशेब कागदावर आहे. तिनं काढलेल्या रात्रींचा कुठे असणार?

१९८४ मध्ये मेल न्यूयॉर्क मेट्स या संघाचा पिचिंग कोच झाला. हाताखाली ड्वाइट गुडन, वय १९. दुसऱ्याच वर्षी या पोरानं २४ सामने जिंकले, हरले फक्त चार. १९८६ मध्ये मेट्स विजेते झाले.

या कोचचं काम मोठं गमतीचं असतं. पिचर गडबडला की मैदानात चालत जायचं, दोन शब्द बोलायचे आणि परत यायचं. आमच्या गावात मुलींच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस होतात. एकदा एक मुलगी रडवेली झाली तेव्हा तिचे सर असेच आत गेले. नंतर मी तिला विचारलं, “काय गं, काय म्हणाले सर?” तर म्हणते, “काही नाही काकू, पाणी प्यायलीस का विचारलं!” मेलही असाच शांत स्वभावाचा. आरडाओरडा करणारे कोच मला मुळीच आवडत नाहीत, म्हणून असेल, पण हा माणूस मला आवडून गेला.

१९९६ मध्ये ज्या यांकीजनी त्याला सोडलं होतं, तिथेच तो कोच म्हणून परतला. पहिल्या पाच वर्षांत संघानं चार वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली! त्यातलं शेवटचं वर्ष २०००. त्याच वर्षी मेललाही कॅन्सर निघाला, मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडातल्या मगजाचाच. ज्या वाटेनं धाकटा गेला होता, जवळजवळ त्याच वाटेवर आता बाप. स्टेम सेल प्रत्यारोपण झालं आणि तो बरा होऊन पुन्हा मैदानाकाठी उभा राहिला, २००५ पर्यंत. जीनसाठी मात्र घरातलं हे दुसरं तसंच आजारपण.

नंतर दुखणं उलटलं. २० जून २०१५ रोजी यांकीजनी जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला त्याला बोलावलं. त्याच्या नावाचा फलक स्टेडियममध्ये लागणार आहे, हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं! जानेवारी २०१९ मध्ये, ७७ व्या वर्षी तो गेला.

टॉडही पिचर झाला. १९९२ आणि १९९३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या टोरांटोच्या संघात तो होता. १३८ विजय त्याच्याही नावावर आहेत. थोरला मेल ज्युनियरही आधी पिचर होता, आणि मग वडिलांसारखाच पिचिंग कोच झाला.