वास गेला, गॅस नाही

पेणच्या रामवाडीतून एका वाचकाने विचारलंय : ‘धाटावला सांडपाण्याच्या टाक्या साफ करणारी मुलं म्हणतात, आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मग जातो. म्हणजे गॅस उडून गेला ना?’

नाही. गेलं ते नाक. हवेच्या दहा लाख भागांत हायड्रोजन सल्फाइडचा एक भाग असला तरी आपण नाक मुरडतो. तो शंभराच्या पुढे गेला की गंधाची नस बधिर होते आणि हवा स्वच्छ वाटू लागते. पाचशे-सातशेला माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराला एक-दोन श्वासांत. सायनाइडसारखाच हा पेशींचं श्वसन बंद पाडतो; रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही.

इटलीतल्या मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरच्या घरचा शौचकूप उपसायला माणूस आला होता. एवढी घाई कशाला, असं डॉक्टरने विचारलं. तो म्हणाला, चार तासांपेक्षा जास्त थांबलो तर आंधळा होईन. वर आला तेव्हा डोळे लालबुंद. त्यातून १७०० साली कामगारांच्या आजारांवरचा ग्रंथ निघाला. या लोकांच्या खिशातली तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात, हेही त्यात टिपलंय. गॅसची ओळख पटायला अजून पाऊणशे वर्षं होती! (रोग्याला ‘काम काय करतोस?’ हे विचाराच, असं वैद्यांना बजावणारा हाच. आपल्याकडे किती डॉक्टर विचारतात?)

कंदील सोडून बघायची जुनी रीत इथे फसवी. प्राणवायू घटला तर दिवा विझतो. हा गॅस जीवघेण्या प्रमाणात असला तरी ज्योतीला पत्ता नसतो. मिथेन साचला असेल तर कंदीलच भडका उडवेल. सकाळी मीटर लावून ‘ओके’ म्हणणंही पुरेसं नाही. गाळात फावडं मारलं की कोंडलेले बुडबुडे सुटतात आणि हवेपेक्षा जड असलेला गॅस तळाशीच राहतो.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडली. एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, त्याने कमरेला दोर बांधला होता.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६व्या कलमात हा दोर होता. टाकी निर्धोक असल्याचा लेखी दाखला नसेल, तर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्ट्याला दोर लागायचा, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ठेकेदार वाचवतो तो नेमका या बाहेरच्या माणसाचा रोज.