पांढुर्ण्याहून सिंधुदुर्गाच्या बेटाकडे

व्यापारी मनुष्यास सुट्टी ठाऊक नसते. दुकानाची गादी, मंडीतील लिलाव, मालाची चढउतार आणि उधारीची वसुली या चक्रात चाळीस वर्षे निघून जातात व जग पाहावयाचे राहूनच जाते. आमच्या तीर्थरूपांनी दिग्व्रत घेतले होते. उत्तरेस इटारसी, दक्षिणेस नागपूर, पूर्वेस छिंदवाडा आणि पश्चिमेस अमरावती ही त्यांची मर्यादा. ती त्यांनी अखेरपर्यंत पाळली. ज्या समुद्राचे मीठ त्यांनी जन्मभर तोलून विकले, तो समुद्र मात्र त्यांच्या दृष्टीस पडला नाही. साठी उलटल्यावर आमच्याही मनात तेच व्रत घेण्याचा विचार येऊ लागला. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "सीमा आखायची ती खुशाल आखा, पण आधी एकदा समुद्र बघून येऊ, मग आखा." हा सल्ला आम्हांस पटला. त्या प्रवासाची हकीकत आपल्या सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

समुद्रावरील सहल आपल्या आचाराशी जुळणार नाही, अशी शंका पुष्कळांस असते. आम्हांसही होती. परंतु काळाचा विचार केला तर एक गंमत दिसून येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या नावा बंद असतात. आणि आपल्याकडेही चातुर्मासात प्रवास वर्ज्य मानतात. म्हणजे समुद्राचे आणि आपले पंचांग बरेचसे एकच! कार्तिकी पौर्णिमा उलटली, सोयाबीन-मक्याची गर्दी ओसरली आणि तुरीची आवक अजून सुरू व्हावयाची आहे, असा पंधरवडा आम्ही निवडला. दुकान मुलाच्या स्वाधीन केले आणि आम्ही उभयता, सूनबाई व दहा वर्षांचा नातू असे चौघे निघालो.

पांढुर्ण्याहून मुंबई व तेथून कोकण रेल्वेने कुडाळ असा मार्ग आहे. १९९८ साली ही रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून कोकण आपल्याला जवळ आले. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर. मोटारीने तासाभराचा रस्ता. नारळी-पोफळींतून वळणे घेत आपण उतरत जातो आणि एकाएकी समोर निळे पाणी व पाण्यातच उभा असलेला काळा तट दिसतो. नातू टाळ्या पिटू लागला. आम्ही टाळ्या पिटल्या नाहीत, एवढाच काय तो फरक!

हाच सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याची पायाभरणी केली व सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकर यांनी वाहिली. पायाचे दगड बसविताना शिसे ओतले होते. बेट सुमारे ४८ एकरांचे असून नागमोडी तट तीन किलोमीटरांच्या आसपास आहे. मुख्य दरवाजा तटाच्या वळणांत असा दडविला आहे की नाव अगदी जवळ येईपर्यंत तो ओळखू येत नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हाही आहे.

मालवणच्या धक्क्यावरून नाव निघते आणि थोड्याच वेळात बेटास लागते. अंगात तरंगते जाकीट घातल्यावाचून बसू नये. आत राजाराम महाराजांनी उभारलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे, तसेच महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून दाखविला जाणारा चुन्यातील ठसा आहे. काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात. आम्हांस सर्वांत नवल वाटले ते विहिरींचे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी तेथे आहेत. चोहोंकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! सौभाग्यवतींनी ते गाळून घेतले व आम्ही सर्वांनी प्याले. खाऱ्या जगात राहूनही आपला गोडवा राखता येतो, हे त्या विहिरी न बोलता सांगतात.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे, कारण तीत आमचीच चूक होती. प्रवासास निघताना आम्ही दुकानातून मुरमुऱ्यांची एक मोठी थैली बरोबर घेतली होती. माशांना खाऊ घालावे, जीवदया घडावी, हा हेतू. परतीच्या नावेत थैली सोडली आणि पहिली मूठ टाकणार, तोच नाव चालविणाऱ्या तरुणाने आमचा हात धरला. तो नम्रपणे म्हणाला, "शेठजी, ह्ये त्यांचा खाणा न्हय." मग त्याने समजावून सांगितले. मासे खडकावरचे शेवाळ व बारीक जीव खाऊन राहतात. आयते खाणे मिळू लागले की त्यांच्या सवयी मोडतात, पाणी खराब होते आणि त्याचा त्रास तळाच्या प्रवाळास होतो. प्रवाळ हा दगड दिसला तरी तो असंख्य सूक्ष्म जीवांनी बांधलेला वाडा असतो; त्यावर पाय पडला तरी तो मरतो. याच्या रक्षणासाठी १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे.

आम्ही विचारले, "तुझा मूळ धंदा कोणता?" तो म्हणाला, "मासेमारी." आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. खरे सांगावयाचे तर सकाळी धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांजवळून जाताना आम्ही नाकाला पदर-रुमाल लावून पुढे सरकलो होतो व त्या लोकांविषयी मनात बरे विचार आणले नव्हते. त्यानेच पुढे सांगितले की, जून-जुलै हे दोन महिने माशांच्या विणीचे असल्याने यांत्रिक नावांस कायद्याने बंदी असते. त्याचा धंदा आम्हांस मान्य होणार नाही. परंतु दया करावयाची तर ज्या जीवावर करावयाची त्याची रीत आधी जाणून घ्यावी, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. ज्ञानावाचून दया आंधळी, हे शास्त्रात आम्ही ऐकले होते; अनुभव नावेत आला. थैली बांधून ठेवली आणि मुरमुरे संध्याकाळी आम्हीच खाल्ले. नातवाने किनाऱ्यावर वेचलेले शंखही त्यानेच परत पाण्याकाठी ठेवले, कारण रिकाम्या शंखात दुसरा जीव बिऱ्हाड करतो, हे त्याने नावेत ऐकले होते.

भोजनाची अडचण वाटते तेवढी नाही. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले की कांदा, लसूण व कंदमुळे वगळून घावणे, नारळाची चटणी, वरणभात मिळतो. सोलकढीत बहुधा लसूण असते, ती वगळावयास सांगावी. कोकमाचे सरबत उन्हात फार हितावह. सूर्यास्तापूर्वीचे भोजन साडेपाचला आटोपले की तारकर्लीच्या वाळूत बसून सूर्यास्त निवांत पाहता येतो. ज्यांना रात्री उशिरा जेवावयाचे असते ते भुकेलेले बसतात. आपण तृप्त बसतो! कर्ली नदी देवबागजवळ समुद्रास मिळते, तो संगम अवश्य पाहावा. तरुण मंडळी पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ पाहतात. सूनबाईंनी शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली ते धैर्य केले व वर आल्यावर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

तिसऱ्या सायंकाळी किनाऱ्यावर श्रीपाळाची कथा निघाली. लोभापायी धवलशेठने श्रीपाळास समुद्रात ढकलले, ती गोष्ट सौभाग्यवती नातवास सांगत होत्या. आम्ही ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो की, समुद्र व्यापाऱ्यास काही नवा नाही. आपल्या कथा त्याने भरलेल्या आहेत, केवळ आपणच त्याच्याकडे पाठ करून बसलो.

आपल्या जाम नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असे फिरत पूर्वेच्या समुद्रास मिळते. पांढुर्णा-सौंसरची माती समुद्राशी अशी बांधलेली आहे. तरी पांढुर्णा-सौंसरच्या सर्व बांधवांना आमची विनंती आहे की, गुडघे साथ देत आहेत तोवर दुकान आठ दिवस मुलांच्या हाती द्यावे. दुकान बुडत नाही, हे आम्ही पाहून आलो आहोत. किंबहुना आमच्या मागे मुलाने एका जुन्या उधारीची वसुली केली, जी आमच्याने दोन वर्षे झाली नव्हती.

येत्या चातुर्मासात दिग्व्रत घेण्याचा आमचा मानस आहे. उत्तर, दक्षिण व पूर्व या सीमा तीर्थरूपांच्याच राहतील. पश्चिमेची सीमा मात्र मालवण अशी लिहून घेणार आहोत. सौभाग्यवतींनी ती मान्य केली आहे. जय जिनेंद्र.