संगणकाचा वेग एका जागी का अडतो?

संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग एका जागी अडला तर कारणे क्रमाने तपासावीत. इंटेलमध्ये वेग वाढविण्याची मुभा मुख्यतः नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरलाच असते. मुभा असेल तर तापमान पाहावे. बोरीत मे महिन्यात पारा 40 अंशांवर जातो. अशा हवेत पंखा कमी पडतो आणि 100 अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवितो. तापमान ठीक असेल तर मेमरी मूळ वेगावर आणून पाहावी. व्होल्टेज सर्वांत शेवटी वाढवावे. ते 10 टक्के वाढले की उष्णता सुमारे 20 टक्के वाढते.

मालेगावचा माग जास्त पळविला तर तुटलेला धागा दिसतो. संगणकात चुकलेला आकडा दिसत नाही. म्हणून दुकानाचा हिशोब ज्यावर आहे, त्या संगणकावर हा प्रयोग करू नये.