जयपूरहून एका दिवसाची सहल : आधी दिशा ठरवा

जयपूर : सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपूरमध्ये मुक्काम ठेवून आसपासची अनेक स्थळे एका दिवसात पाहता येतात. मात्र एका दिवशी एकच दिशा धरावी. पूर्वेचे आभानेरी आणि नैर्ऋत्येचे अजमेर एकत्र साधू पाहणाऱ्यांचा दिवस रस्त्यावरच सरतो.

आग्रा महामार्गाने सुमारे ९५ किलोमीटरवर आभानेरीची चाँद बावडी आहे. सुमारे साडेतीन हजार पायऱ्यांची ही प्राचीन विहीर काठावरूनच पाहावी लागते. त्याच फेरीत भानगडचा किल्ला जोडता येतो. सूर्यास्तानंतर तेथे थांबण्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची मनाई आहे. भुताखेतांच्या कथा त्यामुळेच अधिक रंगतात. हिवाळ्यात दिवस सहाच्या आत मावळत असल्याने पहाटेच निघणे भाग आहे.

अजमेर सुमारे १३५ किलोमीटरवर असून रेल्वेने जाणे सोयीचे. १८१८ पर्यंत हे शहर शिंद्यांकडे होते. डोंगरापलीकडचे पुष्कर त्याच दिवशी होते. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेत मात्र गर्दीचा विचार करावा.

रणथंबोरची सफारी भल्या सकाळी सुटते. त्यासाठी आदल्या रात्री सवाई माधोपूरलाच मुक्काम करावा.