टर्मिनलमधून उघडणारी खिडकी

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'एक्सआइज' एवढे टाइप करून एंटर दाबले की पडद्यावर दोन डोळे उघडतात आणि माउस जाईल तिकडे बुबुळे फिरवत बसतात. या प्रोग्रॅमचा व्यवहारात उपयोग जवळजवळ शून्य. पण अक्षरांतून चित्रांकडे जाणारा रस्ता नीट आहे की नाही, हे त्यातून चटकन कळते.

टाइप केलेला शब्द वाचतो तो शेल. 'पाथ' या चलात नोंदलेल्या फोल्डरांत तो त्या नावाची फाइल क्रमाने धुंडाळतो. ती सापडली की शेलची हुबेहूब प्रत निघते आणि त्या प्रतीत नवा प्रोग्रॅम शिरतो. संगणकातला परकायाप्रवेशच तो. प्रत काढण्याच्या क्रियेला 'फोर्क' म्हणतात. युनिक्सचे श्रेय केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना मिळते, ते रास्तच. पण फोर्कची कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ मध्येच, म्हणजे युनिक्सच्या सहा वर्षे आधी, शोधनिबंधात मांडली होती. संस्थेची रचना तिने बनवलेल्या प्रणालीत उमटते, या 'कॉनवेच्या नियमा'मुळे ते ओळखले जातात. फोर्कच्या संदर्भात त्यांचे नाव क्वचितच निघते.

प्रतीला शेलची चले वारशाने मिळतात. त्यांतले 'डिस्प्ले' हे इथे निर्णायक ठरते. त्याची किंमत बहुधा ':०' अशी दोन चिन्हांची असते आणि खिडकी कोणाकडे मागायची, हे त्यावरून ठरते. मागायची ती एक्स सर्व्हरकडे. १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटीस यांनी ही प्रणाली सुरू केली. तिच्याआधी स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची प्रणाली होती, म्हणून ही त्यापुढच्या अक्षराची, 'एक्स'. आजही वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची.

देवळात गाभाऱ्यात भक्ताला प्रवेश नसतो. ओटी पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि प्रसादही त्याच्याच हातून घ्यायचा. एक्स सर्व्हर हा तसा पुजारी. पडदा, कीबोर्ड आणि माउस त्याच्या ताब्यात. प्रोग्रॅम फक्त 'इथे रेघ ओढ' असे निरोप धाडतो; कळ दाबल्याची वर्दी सर्व्हर त्याला देतो. म्हणूनच सर्व्हर टेबलावरच्या संगणकात असतो आणि ग्राहक-प्रोग्रॅम दूरच्या अवाढव्य यंत्रात असू शकतो. नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथेच. 'एसएसएच'ला '-एक्स' जोडून दूरच्या यंत्रात शिरले तर तिथले 'डिस्प्ले' सहसा 'लोकलहोस्ट:१०.०' असे दिसते आणि तिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी इथल्या पडद्यावर उघडते. 'डिस्प्ले' रिकामे असेल, जसे वेळापत्रकाने कामे चालवणाऱ्या 'क्रॉन'मध्ये असते, तर डिस्प्ले उघडता येत नाही अशी तक्रार करून एक्सआइज तिथेच थांबतो.

२००८ मध्ये क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या पर्यायी प्रणालीत नैवेद्य घरूनच शिजवून आणायचा असतो: प्रोग्रॅम स्वतः चित्र रंगवतो आणि तयार चित्र हवाली करतो. एक्स संपला, अशी हाकाटी तेव्हापासून अधूनमधून उठते. प्रत्यक्षात वेलँडवरही एक्सआइज चालतो, कारण जुन्या प्रोग्रॅमांसाठी तिथे 'एक्सवेलँड' नावाचा एक्स सर्व्हरच बसवलेला आहे.

खिडकी उघडी असेपर्यंत टर्मिनल मात्र अडकून राहते. नावापुढे '&' लिहिले की शेल प्रक्रियेचा क्रमांक छापून लगेच मोकळा होतो. तरी टर्मिनलची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तर डोळेही बहुधा मिटतात. तेव्हा जो संकेत जातो त्याचे नाव 'हँगअप', म्हणजे फोन ठेवणे. टर्मिनले टेलिफोनच्या तारेने जोडली जात त्या काळातले. बॅश शेलमध्ये 'एक्झिट' टाइप करून बाहेर पडल्यास मात्र पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमला तो सहसा जात नाही. नावाआधी 'नोहप' लिहिले तर संकेत आला तरी प्रोग्रॅम त्याकडे दुर्लक्ष करतो, आणि टर्मिनल गेल्यावरही बुबुळे माउसमागे फिरत राहतात.